येतं, पण थोडं थोडं

दारात उभं राहून 'मे आय कम इन, मॅडम?' विचारणाऱ्या पोरांना मी अख्ख्या नोकरीत एकदाही 'नो' म्हटलं नाही. तरी एकही पोर न विचारता आत आलं नाही. वरून पाऊस कोसळत असो, मागून दहावी अ ढकलत असो, पोराच्या हातात माझाच चहाचा कप असो, आधी ते वाक्य झालंच पाहिजे. मी म्हणायचे, अरे बाबा, चहा निवतोय, ये आत. ते हलायचं नाही. मी 'यस' म्हणेपर्यंत ते उंबऱ्याबाहेर आणि चहावर साय. आमच्या शाळेत शेकडो पोरं इंग्रजीत नापास झाली, पण हे वाक्य कुणाचं चुकलं नाही. मुतारीला जायची परवानगी आणि वर्गात यायची परवानगी, एवढं इंग्रजी घेऊन पिढ्याच्या पिढ्या शाळेबाहेर पडल्या.

संपादक म्हणाले, बाई, निवृत्तीनंतर जरा निवांत झालात, शिकवण्यातल्या गमतीजमती लिहा. ज्यांना या नोकरीत गंमत वाटते त्यांनी एकदा दुपारची खिचडी खाऊन पेंगुळलेल्या आठवी ब-ला साहाय्यकारी क्रियापदं शिकवून बघावीत. मी कळमनुरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात हेच केलं. आणि निवृत्त होऊन हिंगोलीत राहायला आल्यावर निवांत बसायचं सोडून घराच्या पुढच्या खोलीत मोठ्या माणसांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग काढला. ही अवदसा मला का आठवली ते विचारू नका.

ज्यांचा इंग्रजीशी संबंध दहावीला तुटला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'कॅन' म्हणजे जे आपल्या अंगात आहे ते. पोहता येतं, गाडी चालवता येते, ओझं उचलता येतं. 'मे' म्हणजे ज्याला दुसऱ्या कुणीतरी हो म्हणावं लागतं ते. आत येऊ का, बसू का, जाऊ का. 'कुड' हे त्यांचं मवाळ भावंड, गोड बोलून काम करून घ्यायला बरं पडतं. पुस्तकात यावर पानंच्या पानं आहेत. मी वर्गात एकच उदाहरण द्यायचे. माझ्या वडिलांना उत्तम पोहता यायचं, नदीत शिकले होते. पण गावातल्या विहिरीत उतरायची आमच्या लोकांना मुभा नव्हती. कडेला उभं राहून दुसऱ्यांची पोरं गटांगळ्या खाताना बघायची. पहिलं कॅन, दुसरं मे. पोरांना फरक कळायचा. नंतर परीक्षेत पुन्हा चुकायचीच, तो भाग वेगळा.

आमच्या शाळेत एक सर होते. पोरानं चुकून 'कॅन आय कम इन' म्हटलं की ते त्याला उन्हात उभं करायचे. मला त्यांचा मनस्वी राग यायचा. इंग्रजीचे मूळ मालक आता आपापसात सर्रास 'कॅन' म्हणून परवानगी मागतात, त्यांचं काही अडत नाही. अडतं ते हिंगोली जिल्ह्यातल्या हायस्कुलात. मी हे त्यांना बोलून दाखवलं, तर म्हणाले, मॅडम, शिस्त नावाची काही गोष्ट असते. असते ना. ती नेहमी दाराबाहेर उभ्या असलेल्यालाच असते.

तर हा संध्याकाळचा वर्ग. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे कनेरगाव नाक्यावरचे एक ढाबेवाले. समोरच्या ढाब्यानं इंग्रजीत पाटी लावली म्हणून यांना इंग्रजी हवं होतं. गृहस्थ दिलदार, पण त्यांच्या शब्दकोशात 'नो' हा शब्दच नव्हता. कॅन यू स्विम? यस. कॅन यू फ्लाय अ प्लेन? यस. मी म्हटलं, विमान चालवता येतं तुम्हाला? तर म्हणाले, "ट्रक येतो की मॅडम, इमान बी येईल." औंढ्याच्या देवळासमोरचे एक प्रसादाचे दुकानदार यायचे. दक्षिणेकडून भाविक येतात, त्यांना चपला दुकानासमोर काढायला सांगायचं होतं. हे हात जोडून म्हणायचे, 'यू कॅन रिमूव्ह चप्पल.' भाविक मान डोलवायचे, छान हसायचे आणि चपला घालून पुढे जायचे. मी तीनदा वाक्य बदलून दिलं. ते तिन्ही वेळा मूळ वाक्यावर आले, कारण ते म्हणे मऊ वाटतं.

बायकांची तऱ्हा याच्या बरोबर उलट. कॅन यू राईड अ स्कूटी? घरचे नाही म्हणतात. कॅन यू सिंग? लग्नाआधी गायचे. कॅन यू कुक? थोडं थोडं. ही 'थोडं थोडं' म्हणणारी बाई सणाला चाळीस माणसांच्या पोळ्या एकटीनं लाटते, हे मला माहीत. मी डोक्याला हात लावायचे. विचारलं काय, तुला येतं का. सांगते काय, कुणी करू देतं का. पुरुषांना न येणाऱ्या गोष्टी येत होत्या आणि बायकांना येणाऱ्या येत नव्हत्या, आणि मी मधे खडू घेऊन उभी.

या डोकेफोडीतच प्रणिता माझ्याकडे आली. खरं तर आधी मी तिच्याकडे गेले होते. आखाडा बाळापूरला जुन्या शाळेच्या एका कार्यक्रमाला गेले आणि तिथेच तापानं आडवी झाले. तिथल्या एका छोट्या खाजगी दवाखान्यात नेलं. माझ्या हाताची शीर सापडत नाही, ही माझी जुनी तकलीफ. एका ब्रदरनं दोन्ही हातांची चाळण केली. मग डॉक्टरांनी कोपऱ्यातल्या एका सडपातळ मुलीला विचारलं, तुला येईल का गं? ती खाली बघून म्हणाली, "थोडं थोडं, सर." आणि पहिल्याच टोचणीत सुई शिरेत. मला कळलंही नाही. मी तापात होते तरी चिडले. म्हटलं, हे थोडं थोडं असेल तर पूर्ण येणं म्हणजे काय असतं?

प्रणिता खिल्लारे. नर्सिंगचा पूर्ण कोर्स केलेली. वडील बाळापूर–कळमनुरी रस्त्यावर जीप चालवतात, पुढे कधी हिंगोलीपर्यंत येतात. तिला पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात जायचं होतं. लहान बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करायचं, हे तिच्या मनानं घेतलं होतं. बाळापुरात अत्यवस्थ बाळ आलं की नांदेडला पाठवतात, आणि वाटेत काय काय होतं ते तिनं रुग्णवाहिकेत मांडीवर बाळ घेऊन पाहिलं होतं. पुण्याच्या दवाखान्यातल्या मेट्रन केरळच्या, त्यामुळे मुलाखत इंग्रजीत. वडिलांनी सांगितलं होतं, एकदा मुलाखत दे. झालं तर बघू, नाही झालं तर या वर्षी लग्न उरकून टाकू.

ती आठवड्यातून तीन दिवस वडिलांच्या जीपमधून यायची. वडील, विश्वनाथराव, भला माणूस. ओसरीवर बसून राहायचे, पाणीसुद्धा विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत. मी मेट्रन व्हायचे आणि विचारायचे, कॅन यू हँडल अ न्यूबॉर्न? प्रणिताची नजर आधी ओसरीकडे, मग पायाच्या अंगठ्याकडे. मग उत्तर, 'आय विल ट्राय, मॅडम.' मी म्हणायचे, अगं, ट्राय काय ट्राय, तू रोज करतेस ना? तर म्हणायची, "करते, पण आपुनच कसं म्हणावं, मला येतं म्हणून? लोक म्हणतील, पोरगी लई फुगली."

इथे माझी ट्यूब पेटली, आणि पेटल्यावर संताप जास्तच झाला. काय काय येतं, हा प्रश्न आमच्याकडच्या मुलीला जन्मात एकाच प्रसंगी विचारतात. मुलगी बघायला येतात तेव्हा. आणि त्याचं उत्तर ठरलेलं आहे. मान खाली, पदर नीट, 'थोडं थोडं.' सगळं येतं म्हटलं तर मुलगी आगाऊ, काहीच येत नाही म्हटलं तर बिनकामाची. म्हणून थोडं थोडं. पोरीला आईनं, मावशीनं, काकूनं हे एकच उत्तर शिकवलेलं असतं, आणि मी तिला क्रियापदं शिकवत बसले होते.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर, माझ्या घरी, कारण त्यांच्या गावात व्हिडिओपुरती रेंज येत नाही. मी बजावून सांगितलं होतं, साधे स्वच्छ कपडे घाल आणि एकटी ये. जीप दारात थांबली आणि तिच्यातून सहा माणसं उतरली. विश्वनाथराव, त्यांची बायको, काका, काकू, एक मावशी आणि मधे प्रणिता, ठेवणीतली साडी नेसून, केसात अबोलीचा गजरा. काकूच्या हातात पोह्यांचा डबा. मी विचारलं, हे काय? काका म्हणाले, "पुण्याचे लोक बघून राहिले म्हणल्यावर घरचं कुणी नको व्हय?" ते सगळे तिच्या मागे पलंगावर ओळीनं बसले. मी हटवायच्या आत फोन लागला आणि पुण्याच्या मेट्रनबाईंना पडद्यावर अख्खं खिल्लारे कुटुंब दिसलं.

मेट्रननं विचारलं, रात्रपाळीत एकटीला वॉर्ड सांभाळता येईल का? मागून काका म्हणाले, "सांभाळते की, सगळं सांभाळते, गरीब हाय पोरगी." प्रणिता म्हणाली, 'लिटल लिटल, मॅडम.' बाळाला सलाईन लावता येतं का? लिटल लिटल. नळीनं दूध देता येतं का? लिटल लिटल. मेट्रन थांबल्या. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, मुली, तुला ही नोकरी हवी आहे का? आणि या पोरीनं मागे वळून वडिलांकडे पाहिलं.

मी उठले. आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यांना दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून घेतलं. आतून काकू विचारत होत्या, "पोहे कवा द्यायचे?" मी फोनसमोर जाऊन मेट्रनला हात जोडले आणि माझ्या सगळ्या व्याकरणासकट गयावया केली की आणखी पाच मिनिटं द्या. त्यांनी दिली. त्यांनी विचारायची पद्धत बदलली. येतं का हे विचारणं सोडलं आणि म्हणाल्या, बाळ निळं पडलंय, तू काय करतेस, सांग. आणि प्रणिता बोलायला लागली. मोडकंतोडकं, क्रियापदांचा पार खिमा झालेला, पण एकेक गोष्ट क्रमानं. हातांनी करून दाखवत. बोलताना गजरा सुटून खांद्यावर लोंबत होता, तिचं लक्ष नव्हतं. शेवटी मेट्रन म्हणाल्या, तुझे हात मला प्रत्यक्ष बघायचे आहेत. अमुक सोमवारी सकाळी ये, वॉर्डात काम करून दाखव, मग ठरवू.

मला वाटलं, जिंकलो. मी पोहे खाल्ले.

पण आठवडा गेला, प्रणिता वर्गाला आली नाही. मी फोन केला तर विश्वनाथरावांनी उचलला. म्हणाले, "मॅडम, तुमी लई केलं. पन तिला न्हाई जमायचं." मी विचारलं, काय जमायचं नाही? इंग्रजी लई अवघड हाय, म्हणाले. पुणं लांब हाय. रातपाळी हाय. पोरीची जात हाय. मी म्हटलं, यातलं तिला न जमणारं काय आहे ते सांगा. तर पुन्हा तेच, न्हाई जमायचं. माझं डोकं फिरलं. ज्या माणसाच्या तोंडून 'मी जाऊ देणार नाही' हे सरळ वाक्य निघत नाही, तो 'तिला जमत नाही' म्हणून मोकळा होतो. नकार यांचा, आणि कमीपणा पोरीच्या पदरात. बाळापूरच्या दवाखान्यात, गल्लीत, सोयऱ्यांत, सगळीकडे हेच सांगितलं गेलं, की पोरगी मुलाखतीत कमी पडली. मी त्यांना फोनवर वाट्टेल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, जयभीम म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांचा फोन आला तो आमंत्रणाचा. रविवारी दुपारी प्रणिताला बघायला वसमतकडचे पाहुणे येऊन राहिलेत, तुमी तिच्या गुरू, तुमी पायजे. रविवार म्हणजे मेट्रननं दिलेल्या सोमवारच्या आदला दिवस. मी जाणारच नव्हते. मग वाटलं, तिथे पोरीच्या बाजूनं बसायला एक तरी माणूस असावं. धुसफुसत त्या बाजूच्या एका जीपमध्ये बसले.

घरात सतरंजी, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली पाहुणे. मुलगा बरा होता, कुठेतरी कारकून, सारखा मोबाईलकडे बघत होता. सगळा कारभार त्याच्या आत्याकडे. साठीच्या, कपाळ मोकळं, आवाज खणखणीत, आलेल्या प्रत्येकाला नाव-गाव विचारून जागेवर बसवणाऱ्या. प्रणिता आली, पोह्यांच्या बशा दिल्या, समोर पाटावर बसली. नाव झालं, शिक्षण झालं. मग आत्यांनी विचारलं, "काय काय येतं गं तुला?"

मी डोळे मिटून घेतले. ते 'थोडं थोडं' मला पुन्हा ऐकायचं नव्हतं.

"सलाईन लावता येतं," प्रणिता म्हणाली. "लहान लेकराची शीर सापडत न्हाई, ती मला सापडते. नळीनं दूध देता येतं. टाके काढता येतात. बाळंतपणात डॉक्टर येईपर्यंत काय करायचं ते येतं. रातचा वॉर्ड एकटीनं सांभाळता येतो." आणि जरा थांबून, "पुरणपोळी न्हाई येत. फाटते."

काकूनं काकाला कोपर मारलं. काका घाईनं म्हणाले, सैपाक बी येतो हो, सगळा येतो, पोरगी मस्करी करून राहिली. आत्यांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या प्रणिताकडेच बघत होत्या. त्यांनी विचारलं की इतकं येतं तर ही बाळापूरच्या बारक्या दवाखान्यात काय करते. काकांनी पुन्हा तोंड घातलं. पुण्याहून बोलावणं आलं होतं, उद्याच जायचं होतं, पण तिला जमायचं नाही म्हणून सोडून दिलं, असं त्यांनी सांगितलं.

"काहून जमायचं न्हाई?" आत्या म्हणाल्या. "आत्ता तर म्हणली सगळं येतं."

प्रणिता मान वर करून बसली होती, पण हे उत्तर तिनं द्यायचं नव्हतंच. मला बोलायची उबळ आली होती. शब्द अगदी जिभेच्या टोकाला होते, पण मी गिळले. सतरंजीच्या कडेला विश्वनाथराव बसले होते. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

"तिला जमतं," ते म्हणाले. "तिला सगळं जमतं. मी जाऊ दिलं न्हाई."

मुलानं मोबाईल खाली ठेवला. काका छताकडे बघायला लागले. मी विश्वनाथरावांवर इतके दिवस चिडले होते, अजूनही चिडलेलीच होते, पण त्या क्षणी मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. चारचौघांत, सोयऱ्यांसमोर, नकार स्वतःच्या नावावर घेणारा बाप मी अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता.

आत्या म्हणाल्या, "मंग आमाला काहून बोलावलं, दादा?" आणि उठल्या. रागावल्या नव्हत्या. दारात प्रणिताच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पाहुण्यांना घेऊन गेल्या. काकू लगेच कुजबुजायला लागल्या, सोयरीक गेली, आता गावभर होणार. मावशी डोळ्याला पदर लावून बसल्या. घरात एवढा गलका झाला की मला वाटलं, झालेलं सगळं आता पाण्यात जाणार.

विश्वनाथराव उठले, खुंटीवरची जीपची किल्ली घेतली. पुण्याची ट्रॅव्हल्स हिंगोलीहून कधी सुटते, ते कुणाला ठाऊक आहे का, असं त्यांनी एकूणच घराला विचारलं. कुणी काही म्हणायच्या आत ते प्रणिताच्या आईवर खेकसले, पोरीची बॅग कधी भरणार, उशीर व्हायला लागला.

"बॅग शुक्रवारीच भरली, पप्पा," प्रणिता म्हणाली.